उजनीची पातळी टक्क्यांबरोबर मीटरमध्येही छापा, बोटीचं तेल वाचेल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात रोज एक लहानशी चौकट येते: उजनी इतके टक्के. आकडा उतरत उतरत शून्यावर येतो आणि मग उणे होतो. उसाच्या शेतकऱ्याला त्यावरून आवर्तनाचा अंदाज बांधता येतो. सोलापूरकराला नळाचं पाणी किती दिवसांआड येणार ते कळतं. धरणात ज्याची होडी आहे त्याच्या मात्र त्या टक्क्यातून काही हाती लागत नाही. त्याला हवी असते पातळी, तीही मीटरमध्ये. मागणी क्षुल्लक वाटेल, पण पेट्रोल लिटरला शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदीच्या पुढे गेलेलं असताना उजनीतल्या होड्यांचं बरंचसं तेल मासा शोधत फिरण्यातच जळतं, आणि मासा कुठे असेल हे पातळीवरून कळतं. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

उजनीची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी 491.03 मीटर. म्हणजे 100 टक्क्यांपासून शून्यापर्यंतचा सगळा उतार फक्त 5.80 मीटरचा. एवढ्या जाडीच्या थरात 53.57 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्याच्या खाली 63.65 टीएमसी मृतसाठा असतो. सरासरीने एक टक्का म्हणजे सहा सेंटिमीटरला थोडं कमी. पण धरण कढईसारखं असतं, वर पसरट आणि खाली निमुळतं. भरल्या धरणात एक टक्का गेला तर पाणी जेवढं उतरतं, त्याहून जास्त ते शून्याच्या खाली तेवढ्याच एका टक्क्याला उतरतं. जून 2024 मध्ये धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे 32 टीएमसी पाणी संपलं होतं. त्या दिवसांत टक्क्यांवरून खोलीचा हिशेब करणं कुणालाच शक्य नव्हतं.

मीटरचा उपयोग असा. सुती दोरीला मीटर-मीटरवर गाठ मारायची, टोकाला अर्धा किलो शिसं बांधायचं आणि होडी थांबवून खोली मोजायची. जागेची खूण मोबाइलमध्ये करून ठेवायची आणि शेजारी त्या दिवशीची पातळी लिहायची. समजा पातळी 492.40 असताना एका जागी 6 मीटर खोली भरली. त्या जागेचा तळ झाला 486.40. महिन्याने पातळी 490.90 वर आली की घरी बसून कळतं, तिथे आता साडेचार मीटर पाणी आहे. अशा चाळीस-पन्नास जागा वहीत उतरवल्या की उन्हाळाभर तेल जाळत खोली शोधत फिरावं लागत नाही. गाळाने तळ थोडा वर येतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत दहा-बारा जागा पुन्हा मोजून पाहाव्यात. भीमेच्या जुन्या पात्राच्या दोन्ही कडा आधी उतरवाव्यात, कारण मे महिन्यात मोठा मासा त्या कडांनाच धरून असतो.

आता मासा तिथे का जातो ते. पाणी 20 अंश असताना लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरून ठेवतं, 30 अंशांना साडेसात. पाणी तापेल तशी माशाची गरज मात्र वाढते. त्यात उजनीचं पाणी हिरवं आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे इथे येतं, त्यातल्या खतावर शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ऑक्सिजन खातं. त्यामुळे दाट हिरव्या पाण्यात सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. पहाटे मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतो तो यामुळे. नवखा माणूस तिथेच गळ टाकतो आणि तास घालवतो. तो मासा भुकेला नसतो, गुदमरलेला असतो. तो आमिषाकडे बघतही नाही.

म्हणून वेळ पाण्याचा रंग पाहून ठरवावी. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची. हात-दीड हाताच्या आत ती दिसेनाशी झाली तर पाणी दाट हिरवं आहे, तिथे ऊन वर आल्यावर दीड-दोन तासांनी जावं. मीटरभर खोलीपर्यंत ताटली दिसत असेल तर पहाटेचीच वेळ चांगली. कडांच्या बाजूला, जिथे पाणी वाहतं असतं किंवा वाऱ्याने घुसळलं जातं, तिथे पहाट कधी वाया जात नाही. वारा ज्या काठावर आदळतो तिथे रात्रीही ऑक्सिजन टिकतो आणि शेवाळाबरोबर बारीक जीवही तिकडेच ढकलले जातात. वाऱ्याच्या आडोशाला होडी लावणं सोयीचं असलं तरी उन्हाळ्यात मासा समोरच्या, लाटा आदळणाऱ्या काठाला मिळतो.

खोलीचीही एक हद्द असते. सहा-आठ मीटरच्या खाली, जिथे पाणी हलत नाही, तिथे मे महिन्यात तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. जाळं वर घेतल्यावर शिशाची दोरी काळी पडलेली आणि कुजक्या अंड्याच्या वासाची आली, तर तिथे तळाला मासा नाही हे नक्की समजावं. जागा बदलण्याची गरज नाही, जाळं उचलावं. शिसं कमी करून किंवा वरचे तरंगे लांब दोरीवर बांधून ते तळापासून दोन मीटर वर राहील असं लावलं, की त्याच जागी मासा लागतो. हे न करता जागा बदलत फिरणाऱ्याचं दोन-तीन लिटर पेट्रोल सहज जातं.

जातीप्रमाणे फरक आहे. चिलापी उथळात राहते, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पाण्यात. नर तळाच्या मातीत ताटाएवढे गोल खड्डे करतो. पाणी उतरल्यावर काठाला असे सुकलेले खड्डे दिसले, तर त्यांच्यापुढेच तेवढ्या खोलीला नवे खड्डे असतात. दुपारी ती सावलीला जाते: जलपर्णीच्या कडेला, पुलाच्या खांबाला, पाण्यात उभ्या राहिलेल्या वेड्या बाभळींत. कटला वरच्या थरात असतो आणि संध्याकाळी वारा पडताना वर खेळतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. शिंगटा आणि वाम दिवसा दगडांत, कपारींत, बुडालेल्या भिंतींच्या आडोशाला बसतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडायला लागलं की आसपासच्या बुडालेल्या भिंती-जोत्यांवरही पाणी कमी झालेलं असतं. तिथे शिंगटा हमखास असतो, पण जाळं फाटतं आणि इंजिनाचा पंखा तुटतो. तिथे वल्ह्यानेच जावं आणि गळच वापरावा. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती कोमट, गवताळ उथळातही टिकते. पहिल्या पावसानंतर लालसर पिल्लांचा घोळका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिला हात लावू नये. ती मारली की दोन दिवसांत सगळी पिल्लं इतर मासे खातात.

जाळं लावण्याची जुनी रीत अशी की संध्याकाळी लावायचं आणि सकाळी उचलायचं. थंडीत ती योग्य आहे. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या आसपास असताना जाळ्यात मेलेला मासा पाच-सहा तासांत मऊ पडतो, बारा तासांत पोट फुगतं आणि बाजारात त्याला निम्मा भावही येत नाही. शिवाय संध्याकाळची एक आणि सकाळची एक अशा दोन फेऱ्या पडतात. उन्हाळ्यात पहाटे चारच्या सुमारास जाळं लावावं, इंजिन बंद करून तिथेच नांगर टाकावा, मधल्या वेळात गळ चालवावेत आणि आठ-नऊला जाळं उचलून परत फिरावं. एकच फेरी, मासा ताजा, आणि जाळ्याजवळ माणूस असल्याने चोरी नाही. होडी आत असताना दिवा लावलेला हवा, कारण पहाटे दुसऱ्या होड्याही फिरत असतात.

बर्फ वाचवून काहीच वाचत नाही. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो, आणि तो फोडलेला हवा. मोठ्या खड्यांच्या टोकांनी मासा खरचटतो आणि दोन खड्यांमध्ये हवा राहते. थर्माकोलच्या खोक्यात तळाला चार बोटं बर्फ, मग माशांचा एक थर, मग पुन्हा बर्फ असं भरावं. खालचं छिद्र उघडं ठेवावं, कारण वितळलेल्या पाण्यात बसलेला मासा लवकर खराब होतो. बर्फाअभावी भाव पडलेल्या मासळीला आणायला लागलेलं पेट्रोल मात्र पूर्ण भावाचंच असतं.

आसाबद्दल, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाबद्दल, थोडकंच सांगतो. चिलापीला तीन-चार इंची आस पुरे, कटल्याला सहाच्या वर. वडाप जाळं आणि बारीक आसाची इतर जाळी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, ओढून काढतात. पाणी कमी झालं की सगळी पिल्लं थोड्या जागेत गोळा होतात, त्यामुळे हे नुकसान उन्हाळ्यातच सर्वांत जास्त होतं. मे-जूनमध्ये रोहू-कटल्याच्या माद्या अंड्यावर असतात आणि त्या पावसाच्या पुरात अंडी सोडतात. आज जो लांब जाऊन जास्त तेल जाळतो, त्याचं एक कारण जवळच्या पाण्यातली बोटुकली आधीच संपली हे आहे.

गळाने धरणाऱ्यांसाठी. चिलापीला 0.25 मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), 6 ते 8 नंबरचा गळ आणि चण्याच्या डाळीएवढं शिसं. तरंगा लहान हवा, मोठ्या तरंग्याचा ताण लागला की चिलापी आमिष सोडून देते. आमिषाला गांडूळ उत्तम. कणीक करायची तर दोन भाग गव्हाचं पीठ आणि एक भाग शेंगदाणा पेंडीची चाळलेली भुकटी, पाणी बेताने, पुरीच्या कणकेहून घट्ट. ज्वारीचं पीठ वापरू नये, ते पाण्यात लगेच फुटतं. कणीक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली नाही तर उन्हात अर्ध्या तासात वरून कडक होते आणि गळावरून निसटते. पेंडीचे दोन-तीन गोळे आधी त्या जागी टाकून ठेवावेत, पण लिंबाएवढेच. जास्त खायला मिळालं की चिलापी गळाकडे येत नाही. शिंगट्याला 0.45 चा तंगूस, 1/0 ते 3/0 चा गळ, आमिष झिंगा किंवा कोंबडीचं आतडं, आणि शिसं एवढं की आमिष तळाला टेकून राहील. शिंगट्याच्या काट्याचा घाव दुखतो आणि पिकतो, म्हणून गळ काढताना पक्कड वापरावी.

मोबाइलवर अमेरिकेतल्या बास माशाच्या चित्रफिती पाहून सोलापुरातली काही तरुण मुलं रबरी आणि धातूची महागडी आमिषं घेऊन उजनीवर येतात. उजनीत बास नाही. चिलापी त्या आमिषांना क्वचितच तोंड लावते. मरळ मात्र रबरी बेडकावर झेपावते. त्या चित्रफितींतून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की उन्हाळ्यात बासही सकाळ-संध्याकाळ कडेला येतो आणि दिवसा खोल कडेला किंवा सावलीला जातो. आपल्याकडच्या शिकारी माशांनाही हे बरंचसं लागू पडतं. तिथल्या दोनशे हॉर्सपॉवरच्या बोटींची नक्कल आपल्या पाण्याला आणि खिशाला झेपणारी नाही.

आता इंजिन. दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर टांगलेलं) मशीन पूर्ण रेसवर तासाला साधारण 4 लिटर पेट्रोल घेतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 3 लिटरच्या आसपास. लोखंडी होडीवर बसवलेलं शेतीपंपाचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर लिटर-सव्वा लिटर. टू-स्ट्रोकवाल्याने दिवसाला दीड तास पूर्ण रेस ठेवली तर 6 लिटर, म्हणजे 600 रुपयांच्या वर, शिवाय ऑइल वेगळं. मासळीला किलोला 100 रुपये मिळाले असं धरलं तर पहिली सहा किलो मासळी तेलाचीच.

यात सर्वांत मोठी बचत पैसे न घालता होते. पाणी कापत जाणाऱ्या सहा मीटरच्या होडीचा स्वाभाविक वेग ताशी 11 किलोमीटरच्या आसपास संपतो. त्यापुढे रेस वाढवली की नाक वर उचलतं, मागचा भाग बसतो आणि मागे मोठी लाट उठते. वेग जेमतेम वाढतो आणि जादा तेल लाट उठवण्यात जातं. त्या वेगाच्या आतही किलोमीटरमागचं तेल साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी 10 वरून 8 वर आलं तर तिसरा हिस्सा वाचतो. सहा किलोमीटरच्या वाटेला 36 मिनिटांऐवजी 45 लागतात, म्हणजे फरक नऊ मिनिटांचा. बाजार गाठण्यासाठी घाई असते हे खरं, पण नऊ मिनिटांसाठी तेलाचा तिसरा हिस्सा फार होतो.

होडीचं बूड गुळगुळीत हवं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत शेवाळाची साय धरते. काथ्याच्या ब्रशने घासली तरी निघते, पण होडी काठावर पालथी करायचा कंटाळा केला जातो. तळाला साठलेलं पाणी उपसावं, 50 लिटर पाणी म्हणजे एक जादा माणूस फुकट वाहून नेणं. बर्फाचं खोकं आणि टाकी दोन्ही मागे ठेवली तर होडी मागे बसते. खोकं मधोमध घ्यावं.

पंख्याच्या मागच्या दांड्यावर तंगूस गुंडाळला जातो, तो बाहेरून दिसत नाही. आत शिरून तो ऑइल सील कापतो, गिअरमध्ये पाणी जातं आणि ऑइल दुधाळ होतं. महिन्यातून एकदा पिन काढून पंखा उतरवून बघावा, दर 100 तासांनी गिअर ऑइल पाहावं. पंख्याची कड दगडाला लागून वाकलेली असेल तर मशीन थरथरतं आणि तेल जास्त खातं. हातोड्याने ठोकून सरळ केलेला पंखा दिसायला बरा दिसतो, पण तिन्ही पात्यांचा पीळ सारखा राहत नाही.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त मशीन मरतात ती गरम होऊन. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीत जलपर्णीची मुळं आणि गाळ अडकतो. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा हाताला चटका देऊ लागली की त्याच क्षणी मशीन बंद करावं, काठापर्यंत नेऊ म्हणू नये. बारीक तारेने जाळी मोकळी करावी. तरीही धार आली नाही तर आतला, पाणी ओढणारा रबरी इम्पेलर झिजलेला असतो. गाळाच्या पाण्यात तो वर्षाआड नव्हे, दरवर्षी बदलावा लागतो. पाणी उथळ झालं की मशीन वर उचलून चालवावं आणि शेवटचे पन्नास मीटर वल्ह्याने जावं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना इथेनॉलचा आधार आहे, त्यामुळे त्याला आमचा विरोध नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते आणि या पेट्रोलच्या लिटरमागे सहा-सात टक्के कमी ताकद मिळते. भाव तोच राहिला तरी बोटवाल्यासाठी ही दरवाढच आहे. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी पाण्यावर उघडी राहिली की आत बाष्प धरतं. पाणी ठराविक प्रमाणापुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, तर टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळी तळातून ओढते. मग मशीनमध्ये जातं ते ऑइल नसलेलं पाणी, आणि पिस्टन धरतो. अशा वेळी भेसळीचा संशय घेऊन पंपावर भांडणं होतात, कारण मात्र बहुतेकदा टाकीतच असतं.

त्यावर उपाय साधे आहेत. पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण दोन आठवड्यांत संपेल एवढंच करावं. प्रमाण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली, पाच लिटरला 100. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावं. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा आणि ओला होतो, कमी झालं तर पिस्टन जातो. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू-3 दर्जाचंच ऑइल लागतं, मोटारसायकलचं नाही. नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा आणि जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात, इथेनॉलने त्या मऊ पडून आतून सुटतात. प्लग दर आठवड्याला काढून बघावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय, आणि मशीन जळण्याच्या वाटेवर आहे. टाकी ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवावी. झाकणावरचा हवेचा स्क्रू चालताना उघडा आणि काठावर बंद. तो उघडायचा विसरल्यामुळे धरणाच्या मध्यावर बंद पडलेली मशीन मिस्त्रीकडे खोलायला येतात. स्वस्तात पडावं म्हणून रॉकेल मिसळणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की लिटरमागे वाचलेले रुपये पिस्टनवरच्या काजळीत आणि नव्या रिंगांमध्ये जातात.

जाळ्याभोवतीचं संथ काम बॅटरीच्या मोटारीवर होऊ शकतं. 12 व्होल्टची मोटार अर्ध्या जोरावर 25 अँपिअर घेते. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरली तरी तीन तास मिळतात, आणि पुन्हा भरायला सव्वा-दीड युनिट वीज लागते. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, ती वर्षात जाते. वाऱ्यात किंवा भरल्या होडीला ही मोटार पुरत नाही. जाण्यायेण्याला इंजिन आणि मधल्या वेळात मोटार अशीच विभागणी जमते.

वाऱ्याचा हिशेब तेलाचाही आहे आणि जिवाचाही. उन्हाळ्यात सकाळ बहुधा शांत असते, दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. सकाळी रिकाम्या होडीने वाऱ्याच्या तोंडाकडे जावं, म्हणजे भरून येताना वारा पाठीशी असतो. वळवाच्या दिवसांत दुपारी एकच्या आत काठाला लागावं. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट उशाला घेऊन बसण्यासाठी नसतं, ते अंगावरच हवं. आणखी एक धोका फक्त उन्हाळ्यात असतो. पाणी मागे हटतं तसे शेतीपंप आत सरकवले जातात आणि त्यांच्या केबली पाण्याखालून जातात. पंख्यात अडकलेली केबल पाण्यात हात घालून सोडवू नये. आधी काठावरून वीज बंद झाल्याची खात्री करावी.

एवढं सगळं केलं तरी दराचा प्रश्न उरतोच. मे 2022 मध्ये केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपयांनी कमी केला, जुलै 2022 मध्ये राज्याने आणखी 5 आणि 3 रुपये. त्यानंतरही राज्याचा मूल्यवर्धित कर आपल्याकडे पेट्रोलवर 25 टक्के अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे आणि डिझेलवर 21 टक्के आहे. समुद्रातल्या यांत्रिकी नौकांना सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या या कराचा परतावा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. तोच नियम गोड्या पाण्यातल्या परवानाधारक होड्यांनाही लावावा, आणि त्यात पेट्रोलही धरावं, कारण धरणातल्या लहान होड्यांवर आउटबोर्ड पेट्रोलचंच असतं. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विमा यांचा लाभ त्यातून तळ्यातल्या मत्स्यपालनाला होईल. धरणात जाळं लावणाऱ्याचा मोठा खर्च टाकीतला आहे आणि त्याला या निर्णयात अजून जागा नाही. परताव्यासाठी दर होडीला उन्हाळ्यापुरता ठराविक लिटरांचा कोटा आणि संस्थेच्या शिक्क्याची पावती एवढी व्यवस्था पुरेशी आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळतं. त्याच धर्तीवर टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक मशीन घेणाऱ्याला मदत केली तर तेलाचा जवळपास चौथा हिस्सा कायमचा वाचेल.

आपल्याकडे मागणं एवढंच. उजनीच्या चौकटीत टक्क्यांशेजारी पातळी मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत छापावी. कालव्यात, बोगद्यात आणि नदीत किती क्युसेक पाणी सोडलं आहे आणि आवर्तन कोणत्या तारखेपर्यंत चालणार तेही द्यावं. 1 मार्चपासून पहिला पूर येईपर्यंत दुपारच्या वाऱ्याचा अंदाज एका ओळीत जोडावा. पातळीचा आकडा जलसंपदा विभागाकडे रोज सकाळी तयार असतो. चौकट दोन ओळींनी वाढेल.

कळावे,
उजनी काठचे काही मच्छीमार आणि बोटीचे मिस्त्री
(जि. सोलापूर)